संगणक हिमनदीचा नुसता अंदाज बांधतो का? एक खुलासा

मशीन लर्निंग म्हणजे जुने फोटो पाहून बांधलेला अंदाज, हा समज हिमनद्यांच्या बाबतीत वर्षानुवर्षे फिरत आहे आणि तो चुकीचा आहे. ग्रीनलंडमधील याकोब्सहाव्न हिमनदी २०१२ च्या उन्हाळ्यात दिवसाला ४० मीटरहून अधिक सरकत होती. एवढी धाव नुसत्या अंदाजावर सोपवून चालणारच नाही.

मार्च २०२५ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या स्टॅनफर्डच्या संशोधनात उपग्रहांनी मोजलेला वेग आणि विमानांतील रडारने मोजलेली जाडी यांच्या जोडीला बर्फाच्या प्रवाहाची भौतिकशास्त्रीय समीकरणेही संगणकाला घालून दिली होती, त्यामुळे त्यांच्याशी विसंगत उत्तरे तिथे मागे पडत होती. अंटार्क्टिकाभोवती समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाच्या विस्तीर्ण थरांपैकी किनाऱ्यालगतच्या, दाबल्या जाणाऱ्या भागात बर्फ ताणाखाली किंवा दाबाखाली कसा वाहतो हे सांगणारा, प्रयोगशाळेतून आलेला जुना नियम बऱ्यापैकी लागू पडला. परंतु सुमारे ९५ टक्के भाग समुद्राच्या दिशेने ताणला जातो, आणि तिथला बर्फ सर्व दिशांना सारखा वागत नाही, असे दिसले. माझ्या मते खरे मोल याचेच आहे, कारण समुद्रपातळीची बरीचशी भाकिते बर्फ सर्व दिशांना सारखाच वागतो असे गृहीत धरूनच केली जातात.