उपासना आणि देवाची गरज

देवतेची कृपा, सान्निध्य किंवा ज्ञान लाभावे म्हणून केलेले पूजन, नामस्मरण, यज्ञ, प्रार्थना, व्रत, नवस इत्यादी आचारांना उपासना म्हणतात. जो पूर्ण आहे, ज्याला मिळवायचे काही उरलेले नाही, त्याला माणसाच्या फुलापाण्याची गरज काय, आणि गरज नसेल तर माणूस ते का वाहतो, हा प्रश्न बहुतेक सर्व धर्मपरंपरांत विचारला गेला आहे. प्रस्तुत नोंदीत त्याची शास्त्रांतील उत्तरे थोडक्यात देऊन सोलापूर व त्याच्या आसपासच्या क्षेत्रांतील आचारांच्या आधारे त्याचा विचार केला आहे. या परिसरात देव थकतो, त्याला झोप लागते, भूक लागते असे धरून चालणारे पूजाविधी आहेत, आणि अशा पूजेच्या उपयोगालाच आव्हान देणारी कन्नड शिवभक्तांच्या वचनांची परंपराही येथलीच आहे. त्यामुळे प्रश्नाच्या दोन्ही बाजू पाहण्यासाठी फार लांब जावे लागत नाही.

देवांना माणसांच्या दानाची खरोखरच गरज असते, ही समजूत जुनी आहे. मेसोपोटेमियाच्या प्रलयकथेत पूर ओसरल्यावर केलेल्या हवीचा वास येताच उपाशी देव माश्यांसारखे त्याभोवती गोळा होतात. वैदिक यज्ञात देवाणघेवाणीची कल्पना आहे आणि भगवद्‌गीतेच्या तिसऱ्या अध्यायात ती स्पष्ट शब्दांत येते : यज्ञाने तुम्ही देवांचे पोषण करा, देव तुमचे पोषण करतील. तथापि यज्ञाचा सर्वांत कडक पुरस्कार करणाऱ्या मीमांसकांनीच, म्हणजे वेदांतील कर्मकांडाचा अर्थ लावणाऱ्या दर्शनाच्या अनुयायांनीच, ही कल्पना मोडीत काढली. शबरस्वामींच्या भाष्यानुसार देवतेला शरीर नाही, ती हवी खात नाही, तिच्या मालकीचे काही नसते आणि प्रसन्न होऊन ती फळही देत नाही. फळ कर्मापासून उत्पन्न होणाऱ्या ‘अपूर्वा’मुळे, म्हणजे अदृश्य शक्तीमुळे मिळते. पूजा आवश्यक, पण पूज्याची गरज शून्य, अशी ही विलक्षण भूमिका आहे.

ईश्वरवादी परंपरांनी वेगळी वाट धरली. भागवत पुराणाच्या सातव्या स्कंधात प्रल्हाद म्हणतो, की प्रभू स्वतःच पूर्ण आहे, अज्ञ जनांकडून मान मिळावा अशी त्याची अपेक्षा नाही. मुखावर केलेली शोभा जशी आरशातल्या प्रतिबिंबाला लाभते, तसा देवाला दिलेला मान देणाऱ्यालाच परत मिळतो. बायबलमधील पन्नासाव्या स्तोत्रात देव भक्तांना बजावतो, की मला भूक लागली असती तरी मी तुम्हांला सांगितले नसते, कारण सारे जग माझेच आहे. कुराणात कुर्बानीविषयी म्हटले आहे, की अल्लाहपर्यंत मांस पोचत नाही आणि रक्तही नाही, पोचते ती तुमची धर्मनिष्ठा. जैन मताची अडचण याहून मोठी होती, कारण तीर्थंकर वीतराग असल्याने स्तुतीने प्रसन्न होत नाही आणि निंदेने रागावतही नाही. आचार्य समंतभद्र यांनी स्वयंभूस्तोत्रात हे सरळ मान्य केले आणि तरीही त्याच्या पुण्यगुणांचे स्मरण आपल्या चित्तावरचा पापमळ धुऊन काढते, असे उत्तर दिले. जैन संस्कृती संरक्षक संघ आणि त्याची जीवराज जैन ग्रंथमाला यांमुळे सोलापूर हे जैन वाङ्मयाच्या प्रकाशनाचे महत्त्वाचे केंद्र झाले, त्यामुळे हा विचार येथे परका नाही.

बहुतेक शास्त्रे अशी देवाला निरपेक्ष ठरवत असताना क्षेत्रांतील पूजाविधी मात्र नेमके उलटे बोलतात. पंढरपुरात पहाटेच्या काकडआरतीने विठ्ठलाला उठवले जाते, स्नान, पोशाख व महानैवेद्य होतो आणि रात्री शेजारतीने त्याला निजवले जाते. उन्हाळ्यात गुढीपाडव्यापासून मृग नक्षत्र लागेपर्यंत दाह शमावा म्हणून चंदनउटी पूजा केली जाते. आषाढी व कार्तिकी यात्रांच्या आधी ‘देवाचा पलंग काढतात’. म्हणजे शेजघरातील पलंग हलवून शयनाचे उपचार थांबवले जातात आणि देव दर्शनासाठी अहोरात्र उभा राहतो. इतका वेळ उभे राहून पाठीला आधार हवा म्हणून विठ्ठलाच्या पाठीशी लोड आणि रुक्मिणीच्या पाठीशी तक्क्या लावला जातो. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते. त्या दिवशी देवाच्या पायांना लिंबू-साखर चोळतात, ऊन पाण्याने स्नान घालतात आणि रात्री शिणवटा जावा म्हणून औषधी काढ्याचा नैवेद्य दाखवतात. त्यानंतर पलंग पुन्हा जागेवर येतो आणि रोजचे राजोपचार सुरू होतात. लाखो माणसांच्या गर्दीने यजमानाला थकवा येणारच, हे गृहीत धरून हा सारा विधी रचला आहे. (देवाची एक गरज मात्र निव्वळ भौतिक आहे : शतकानुशतकांच्या पदस्पर्शाने मूर्तीचे चरण झिजले आणि तिच्यावर वेळोवेळी वज्रलेप, म्हणजे झीज थांबवणारा लेप, करावा लागला. ही गरज पूजेनेच निर्माण केली.)

सोलापूरपासून सुमारे ४५ किमी. अंतरावरील तुळजापूरलाही हाच प्रकार आढळतो. तुळजाभवानीची मूर्ती चल असल्याने ती सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवता येते. शारदीय नवरात्रापूर्वी घोरनिद्रा, दसऱ्यानंतर आश्विन पौर्णिमेपर्यंत श्रमनिद्रा आणि पौषातील शाकंभरी नवरात्रापूर्वी मोहनिद्रा अशा देवीच्या तीन निद्रा मानल्या जातात. महिषासुराशी झालेल्या युद्धाने आलेला थकवा श्रमनिद्रेत उतरतो, अशी समजूत आहे. सोलापूरहून कोजागरीला तुळजापूरला पायी जाणारे हजारो भाविक आणि सोलापूरच्या मानाच्या काठ्या तेथे पोचतात, त्या सुमारास ही निद्रा संपून देवी पुन्हा सिंहासनावर येते.

हे विधी करणाऱ्यांना देव सर्वसमर्थ आहे हे ठाऊक नसते, असे मानणे चुकीचे ठरेल. ज्याला काहीच लागत नाही त्याचे काहीच करता येत नाही, आणि ज्याचे काही करता येत नाही त्याच्याशी नाते जुळणे कठीण जाते. म्हणून भक्ती देवाला गरजा बहाल करते व मग त्या भागवते. पुंडलिकाच्या कथेत हे नाते आणखी पुढे जाते. आईवडिलांच्या सेवेत गुंतलेला पुंडलिक दारात आलेल्या देवाला वीट टाकून थांबायला सांगतो, आणि देव थांबतो. येथे भक्ताला देवाची घाई नाही, देवालाच भक्ताची ओढ आहे. तुकारामांनी तर आम्ही आहोत म्हणूनच तुला देवपण आले, असे विठ्ठलाला सुनावले आहे. समाजशास्त्रज्ञ एमील द्युरकेम याने १९१२ मध्ये, देवांवाचून माणसांचे जसे चालत नाही तसे माणसांच्या उपासनेवाचून देवही टिकणार नाहीत, असे प्रतिपादन केले. तुकारामांचे भांडण देवाशी होते, द्युरकेमच्या लेखी देव म्हणजे समाजाचेच रूप होते. दोन्ही विधाने एक मानता येणार नाहीत, पण त्यांचा रोख सारखा आहे.

सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धेश्वर ऊर्फ सिद्धराम हे बाराव्या शतकातील शिवयोगी व वचने रचणारे कन्नड कवी. त्यांच्या चरित्राची सुरुवातच देवाच्या भुकेने होते. कन्नड कवी राघवांक याच्या काव्यातील कथेनुसार गुरे राखणाऱ्या बालसिद्धरामापुढे श्रीशैलचा मल्लय्या, म्हणजे शिव, भुकेल्या जंगमाच्या (फिरत्या शैव साधूच्या) रूपात आला आणि त्याने खायला मागितले. मुलगा घरून अन्न घेऊन परतला तेव्हा जंगम दिसेनासा झाला होता आणि त्याच्या शोधात मुलगा थेट श्रीशैलला पोचला. जेवण मागणारा देव जेवला नाही, पण त्याच्या मागण्याने भक्त घराबाहेर पडला. पुढे सोन्नलगीत, म्हणजे आजच्या सोलापुरात, त्यांनी तलाव खोदवला, मंदिरे उभारली आणि अडुसष्ट लिंगांची स्थापना केली. ‘शून्यसंपादने’ या कन्नड ग्रंथात शिवशरण संत अल्लमप्रभू येथे येऊन तळी व देवळे बांधण्यात गुंतलेल्या सिद्धरामांना खडसावतात, की या कर्मांनी पुण्य जोडेल, स्वतःची ओळख पटणार नाही. त्यानंतर ते त्यांना कल्याणला (कर्नाटकातील आजचे बसवकल्याण) घेऊन जातात. तलाव मात्र राहिला आणि मंदिर आजही त्याच्या पाण्यात उभे आहे.

त्याच काळातील वचनकार बसवण्णा (बसवेश्वर) यांचा आक्षेप याहून रोखठोक आहे. परंपरेनुसार त्यांचा काही काळ मंगळवेढ्यात, कलचुरी राजा बिज्जल याच्या आधीच्या राजधानीत गेला. त्यांच्या एका प्रसिद्ध वचनाचा आशय असा, की दगडाच्या नागाला लोक दूध घालतात आणि जिवंत नाग दिसताच मारा म्हणतात. जेवू शकणारा जंगम दारी आला तर पुढे जा म्हणतात आणि न जेवणाऱ्या लिंगापुढे ताट मांडतात. देवाला अन्नाची गरज आहे की नाही, हा वाद त्यांनी घातलाच नाही. ज्याला गरज आहे तो दारात उभा असताना ताट कोणापुढे मांडले जाते, हे त्यांनी विचारले, आणि सर्व शास्त्रचर्चेपेक्षा हा प्रश्न अधिक अडचणीचा आहे.

मकर संक्रांतीच्या सुमारास भरणारी सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा ही शहराची सर्वांत मोठी सामूहिक उपासना होय. सिद्धरामांशी विवाहाची इच्छा धरणाऱ्या कुंभारकन्येचा विवाह त्यांच्या योगदंडाशी लागला, या आख्यायिकेचे स्मरण तीत केले जाते. यण्णीमज्जनाच्या (तैलस्नानाच्या) दिवशी सात नंदीध्वजांची मिरवणूक निघून अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो, संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो, पुढे होमप्रदीपन व शोभेच्या दारूकामाचा कार्यक्रम होतो. नंदीध्वज म्हणजे सजवलेली उंच, जड काठी. पांढऱ्या बाराबंदीतील मानकरी ती कमरेच्या पट्ट्यात पेलून तोल सांभाळत चालतो, आजूबाजूचे हात सावरायला तयार असतात आणि थकला की दुसरा खांदा देतो. ध्वज पेलण्याचे मान वेगवेगळ्या समाजांकडे आहेत. यात्रा महिनाभर आधी सरावाने सुरू होते असे म्हटले तरी चालेल, आणि त्या सरावात देवाला काय मिळते यापेक्षा पेलणाऱ्यांना एकमेकांवर किती विसंबावे लागते हेच अधिक दिसते.

व्यक्तिगत उपासनेची कारणे याहून साधी असतात. गीतेने भक्तांचे आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी व ज्ञानी असे चार प्रकार सांगितले. दर्शनाच्या रांगेत पहिल्या व तिसऱ्या प्रकारचे लोक बहुसंख्य असतात, यात लपवण्यासारखे काही नाही. नवस हा उघड करार असतो आणि नवसाने मुले होत असतील तर नवरा कशाला करावा, हा तुकारामांचा टोला त्याच करारावर आहे. अरणच्या सावता माळ्यांनी कांदा, मुळा, भाजी यांनाच विठाई म्हटले. ते मळा सोडून पंढरीला गेले नाहीत, असे परंपरा सांगते.

एकोणिसाव्या व विसाव्या शतकांतील सुधारकांनी बसवण्णांचाच धागा पुढे नेला. जोतीराव फुले यांनी निर्मिकाने, म्हणजे सृष्टिकर्त्याने, निर्माण केलेली फुले व अन्न त्यालाच अर्पण करण्यातली विसंगती दाखवून ते अन्न गरजूंना द्यावे असे मांडले. गाडगेबाबांनी पंढरपुरात कीर्तने केली, झाडू मारला आणि चोखामेळा धर्मशाळा उभारली. विठ्ठल मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी १९४७ मध्ये तेथे उपोषण केले. देवाला पूजा हवी की नको याची चर्चा पंडित करत असताना पूजा करू इच्छिणाऱ्या माणसांनाच शतकानुशतके महाद्वाराबाहेर, चोख्याच्या समाधीपाशी थांबावे लागले होते.

कायद्याने या प्रश्नाला वेगळेच वळण दिले. १९२५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालयाने, मलिक खटल्यात मूर्तीला विधिमान्य व्यक्ती, म्हणजे मालमत्ता धारण करू शकणारी व्यक्ती मानले. शबरस्वामींनी नाकारलेली मालकी न्यायालयांनी देवाला दिली, पण तिच्यासोबत व्यवस्थापकाची गरजही चिकटवली. पंढरपूर मंदिरे अधिनियम, १९७३ यानुसार बडवे, उत्पात व इतर सेवाधाऱ्यांचे वंशपरंपरागत हक्क रद्द होऊन कारभार समितीकडे सोपवण्याची तरतूद झाली आणि दीर्घ न्यायालयीन लढ्यानंतर जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. २०१९ च्या अयोध्या निकालात त्याच न्यायालयाने स्पष्ट केले, की मूर्तीच्या रूपाने कायदा ज्याला व्यक्तित्व देतो तो दात्याचा धर्महेतू होय.