जुन्या मियाटात आहे तो रोल बार की स्टाइल बार?

जुनी मियाटा, म्हणजे माझदाची उघड्या टपाची दोन सीटवाली छोटी गाडी, घेतली की दोन महिन्यांत सगळ्यांच्या डोक्यात एकच किडा वळवळतो, हिला आता काय काय करायचं. टायर, शॉकॲब्सॉर्बर, एक्झॉस्ट सगळं होईल हळूहळू, पण सीटच्या मागे जो बार असतो ना, त्याचं आधी बघा, कारण तिथे भलेभले फसतात आणि मीही फसलोय.

माझी १९९२ ची आहे, १.६ लिटरवाली, इथे न्यू जर्सीत सेकंडहँड घेतली. विकणारा म्हणाला रोल बार, म्हणजे गाडी उलटली तर डोकं वाचवणारा बार, बसवलेलाच आहे, म्हटलं चला, एक मोठा खर्च वाचला. चकचकीत स्टीलचा होता, फोटोत एकदम भारी दिसायचा. मग पहिल्यांदा रेसच्या ट्रॅकवर गाडी चालवायला गेलो, तर गाड्या तपासणाऱ्या काकांनी बारवर बोटाने टकटक केलं, सीटमागचं कार्पेट उचललं, खाली बघितलं आणि सरळ सांगितलं, हा स्टाइल बार आहे, यावर मी तुला आत सोडणार नाही. ट्रॅकचे पैसे गेले त्याचं काही नाही, पण अख्खा उन्हाळा मी टप उघडा टाकून मुलीला शेजारी बसवून हायवेवर फिरवत होतो, ते आठवलं आणि पोटात गोळा आला.

तर फरक असा आहे. स्टाइल बार हा नुसता आकार आहे, पातळ नळी, सीटबेल्ट जिथून निघतो तिथल्या खांबांवर चार बोल्ट मारून उभा केलेला, मागून आधार काहीच नाही. गाडी साडेनऊशे किलोच्या आसपास, ती उलटली तर हा वाकणार. रोल बार म्हणजे जाड स्टीलच्या नळीची या बाजूपासून त्या बाजूपर्यंत एक कमान आणि तिला मागून दोन तिरके पाय, भिंतीला टेकू लावतो ना तसे. प्रत्येक पायाखाली जाड प्लेट, आणि बॉडीच्या पत्र्याच्या पलीकडून दुसरी प्लेट, मध्ये पत्रा दाबून धरलेला, म्हणजे जोर आला की बोल्ट पत्रा फाडून बाहेर येत नाही. त्यामुळे गाडी बघायला गेलात तर वरची चकाकी बघू नका, कार्पेट उचला आणि मागचे पाय कुठे जातात ते बघा. पाय नसतील तर तो रोल बार नाही, समोरचा काहीही म्हणो.

अजून एक घोळ, १९९४ पासूनच्या १.८ लिटर गाड्यांत कंपनीनेच सीटमागे एक ब्रेस, म्हणजे आधाराचा आडवा दांडा, दिलाय, त्यालाही काही जण रोल बार समजतात. तो बॉडी कमी पिळवटावी म्हणून आहे, उलटल्यावर डोकं वाचवायला नाही.

बरं, खरा रोल बार बसवला म्हणजे झालं असंही नाही. हेल्मेट घालून सीटवर बसा, कोणालातरी बारच्या माथ्यापासून पुढच्या काचेच्या फ्रेमच्या माथ्यापर्यंत झाडूचा दांडा धरायला सांगा, हेल्मेट दांड्याच्या खाली राहिलं पाहिजे. मी उंच आहे, माझं वर येत होतं, म्हणून सीटचं कव्हर काढून बुडाखालचा फोम कापला, खूप मियाटावाले हेच करतात. डोक्याजवळच्या भागावर घट्ट पॅडिंग हवंच, मऊ स्पंज उपयोगाचा नाही, तो दाबला जातो आणि डोकं स्टीलवर आपटतं. याच कारणाने रोजच्या गाडीत पूर्ण केज, म्हणजे डोक्याभोवती स्टीलच्या नळ्यांचा पिंजरा, टाकू नका, रस्त्यावर आपण हेल्मेट घालत नाही.

बार ऑर्डर करण्याआधी टपाचं बघून घ्या. जुन्या मॉडेलला मागची खिडकी प्लॅस्टिकची, चेन उघडून खाली टाकता येते, पण १९९८ नंतरच्या गाड्यांना काच आहे आणि काही बार काचेच्या टपाबरोबर जमत नाहीत.

खरा रोल बार बसवायला माझा आणि मित्राचा अख्खा शनिवार-रविवार गेला. पेट्रोलची टाकी सीटच्या मागेच आहे, त्यामुळे ड्रिल मारण्याआधी पलीकडे काय आहे ते हात घालून बघा, आणि भोक पाडलं की लगेच उघड्या पत्र्याला गंजरोधक रंग लावा, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात तिथूनच सडायला लागेल. महिनाभर चालवल्यावर सगळे बोल्ट परत टॉर्क रेंचने तपासले, दोन थोडे ढिले झालेले सापडले.