मध्यावधी, पण कुणाच्या अवधीचा मध्य?

नोव्हेंबर २०१८. घरच्या ग्रुपवर साताऱ्याच्या काकांनी वर्तमानपत्राच्या मथळ्याचा फोटो टाकला: ‘अमेरिकेत आज मध्यावधी निवडणुका’. खाली त्यांचा प्रश्न: ‘काय रे, ट्रम्पचं सरकार पडलं की काय?’

काकांची चूक नाही, मथळ्याची आहे. मध्यावधी म्हटलं की आपल्याला पुढचं सगळं पाठ असतं. पाठिंबा काढला, सरकार कोसळलं, सभागृह विसर्जित, पुन्हा बोटाला शाई. ते सांगत बसत नाही. पोटनिवडणुकीचंही नाही; जागा रिकामी झाली, भरली, संपलं.

घोळ आहे तो अवधी कुणाचा, इथे. मध्य अधिक अवधी, संधी सरळ आहे. पण अमेरिकेत ज्याचा मध्य मोजतात तो अवधी निवडणूक लढवणाऱ्यांचा नसतोच. तो अध्यक्षांचा असतो. त्यांच्या चार वर्षांतली दोन सरत आली की मिडटर्म, आणि त्या दिवशी मतपत्रिकेवर अध्यक्षपदच नसतं. निवडले जातात तिथल्या संसदेच्या दोन सभागृहांचे लोक: प्रतिनिधिगृहाचे सगळे ४३५ सदस्य आणि सिनेटच्या १०० पैकी साधारण एक तृतीयांश. प्रतिनिधींची मुदत मुळातच दोन वर्षांची, सिनेटरांची सहा. म्हणजे त्यांची निवडणूक अगदी वेळेवर होत असते, कुणाचंही मुदतीआधी काही तुटत नाही. तारीखही कायद्याने ठरलेली: नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार. २०२६ ची ३ नोव्हेंबरला, हे कॅलेंडर बघून कुणीही सांगेल. अध्यक्षांना काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, विसर्जित करता येत नाही. २०१८ ला प्रतिनिधिगृहातलं बहुमत ट्रम्प यांच्या पक्षाच्या हातून गेलं, तरी ते जानेवारी २०२१ पर्यंत व्हाइट हाउसमध्येच होते.

आपल्याकडे खुद्द लोकसभेचाच अवधी तुटतो, आणि गंमत म्हणजे त्यात ‘मध्य’ असेलच असं नाही. चौथी लोकसभा डिसेंबर १९७० मध्ये विसर्जित झाली तेव्हा तिची वर्षभराहून अधिक मुदत शिल्लक होती. बारावी एप्रिल १९९९ मध्ये, जेमतेम १३ महिन्यांत. एक शेवटाकडे, एक सुरुवातीलाच, तरी दोन्ही निवडणुका ‘मध्यावधी’. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १४ ला याचं काही पडलेलं नाही. मुदत संपून झालेली असो की विसर्जनानंतरची, त्याच्या लेखी दोन्ही सार्वत्रिक निवडणुकाच.

काकांना मी शाळेचं उदाहरण दिलं. अमेरिकेतली मिडटर्म म्हणजे सहामाही परीक्षा. वेळापत्रक आधीच फळ्यावर लागलेलं. निकाल वाईट लागला तर घरी बोलणी बसतात, पण वर्ग तोच. आपली मध्यावधी म्हणजे वर्गच बरखास्त, नव्याने प्रवेश घ्या. पटलं त्यांना. मग विचारलं, ‘पण काँग्रेस जिंकली का?’

माझ्यापुरतं मी ठरवून टाकलंय. अमेरिकेचं लिहिताना सरळ ‘मिडटर्म’, आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘अध्यक्षांच्या कारकिर्दीच्या मध्यावर होणारी’ एवढी फोड. आपल्याकडच्यासाठी ‘मुदतपूर्व’, १९७१ लाही बसतो, १९९९ लाही. काही जण ‘मध्यकालीन निवडणुका’ लिहितात, त्यांना हात जोडतो. ढाल-तलवार घेऊन मतदानाला जायचं का?

‘मध्यावधी’ आपल्याकडे इतका रुळलाय की तो हटणार नाही, हेही कळतं. उलट डिसेंबर २०२४ मध्ये लोकसभेत मांडलेल्या ‘एक देश, एक निवडणूक’च्या घटनादुरुस्ती विधेयकात त्याला पक्का अर्थ देऊ केलाय. आज विसर्जनानंतर निवडून आलेल्या लोकसभेला नवी पाच वर्षं मिळतात. विधेयकातल्या मध्यावधीतून आलेल्या सभागृहाला आधीच्याची उरलेली मुदत तेवढी मिळेल.