व्हर्माँट: मत गावात, तिजोरी राजधानीत

मार्चचा पहिला मंगळवार आला की अमेरिकेतल्या व्हर्माँट राज्याचं विधिमंडळ आठवडाभर सुट्टी घेतं आणि आमदार आपापल्या गावी जातात. त्या दिवशी टाऊन मीटिंग म्हणजे गावसभा असते. शाळेच्या जिममध्ये नाहीतर टाऊन हॉलमध्ये फोल्डिंगच्या खुर्च्या मांडलेल्या, मागे टेबलावर घरून आणलेलं जेवण, पुढे सभा चालवणारा मॉडरेटर. तो मधेच आमदाराला थोडा वेळ देतो आणि आमदार उभा राहून राजधानी माँटपीलियरमध्ये काय चाललंय ते सांगतो. या आमदारांना स्वतःचा स्टाफ नाही, ऑफिस नाही, विधिमंडळाच्या ‘हाउस’ या सभागृहात 150 जण, म्हणजे साधारण 4 हजार माणसांमागे एक आमदार, त्यामुळे समोरचे बरेचसे चेहरे ओळखीचेच. आता गेली काही वर्षं या अपडेटमध्ये शाळेचा पैसा आणि गावाचं मतदान हे दोन विषय आले नाहीत असं होतच नाही. प्रश्नही ठरलेला असतो: आमच्या स्कूल बोर्डाने तर बजेट फारसं वाढवलं नाही, मग माझ्या घराचा टॅक्स का वाढला?

पाच मिनिटांत उत्तर देणं अवघडच, कारण मामला बराच जुना आहे.

बेनिंग्टनची पहिली टाऊन मीटिंग झाली 1762 ला, तेव्हा व्हर्माँट नावाचं राज्यच नव्हतं. पुढे 1777 च्या घटनेत लिहिलं गेलं की प्रत्येक टाऊनमध्ये शाळा असावी, आणि 1791 मध्ये व्हर्माँट अमेरिकेत सामील झालं. म्हणजे गावसभा आधी, राज्य नंतर. हा क्रम तिथले लोक विसरत नाहीत, आणि राज्याने शाळांमध्ये हात घातला की जो राग येतो त्याचं मूळ बरंचसं इथेच आहे असं मला वाटतं. 19 व्या शतकात तर एकेका टाऊनमध्येसुद्धा बरेच छोटे स्कूल डिस्ट्रिक्ट असायचे, एका वस्तीची एक खोलीची शाळा, तिचा कर वेगळा, तिची कमिटी वेगळी. 1892 मध्ये कायदा करून हे सगळं मोडलं आणि टाऊन हेच एकक ठरवलं. विरोधकांनी त्या कायद्याला ‘दुष्ट कायदा’ म्हणून टाकलं. शाळा एकत्र करण्यावरून आज जी भांडणं चालतात ती ऐकली की वाटतं सव्वाशे वर्षांत फक्त एककाचा आकार बदललाय.

तर टाऊन हे एकक ठरलं, आणि शाळेचा खर्च मुख्यतः त्या टाऊनमधल्या घरा-जमिनीवरच्या करातून. राज्य थोडी मदत करायचं, दर काही वर्षांनी नवा फॉर्म्युला यायचा, पण मूळ गोष्ट तीच राहिली की गावात महागडी प्रॉपर्टी असेल तर थोड्या करात भरपूर पैसा, नसेल तर जास्त कर भरूनही हातात कमीच. व्हर्माँटमध्ये ही तफावत डोळ्यात भरण्यासारखी, कारण स्की रिसॉर्ट आले. डोंगराच्या या बाजूला बाहेरच्या लोकांचे हॉलिडे बंगले, ज्यांची मुलं इथल्या शाळेत येणारच नाहीत, आणि पलीकडे नुसती शेती आणि जंगल. कोर्टाच्या निकालात 1995 या आर्थिक वर्षाचे आकडे आहेत: स्टॅनर्ड गाव एका विद्यार्थ्यामागे 2,979 डॉलर खर्च करत होतं आणि विनहॉल 7,726 डॉलर. राज्य एकच, घटना एकच.

हा निकाल म्हणजे ब्रिगम विरुद्ध राज्य, 5 फेब्रुवारी 1997. व्हर्माँटच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की शिक्षण ही राज्याची जबाबदारी आहे, ती गावाच्या श्रीमंतीवर सोडता येणार नाही, सगळ्या मुलांना बऱ्यापैकी समान संधी मिळाली पाहिजे. कशी ते विधिमंडळाने बघावं. आणि विधिमंडळाने खरंच बघितलं, पाच महिन्यांच्या आत. गव्हर्नर हॉवर्ड डीन यांनी जूनमध्ये अॅक्ट 60 वर सही केली.

अॅक्ट 60 ने राज्यभर एक समान प्रॉपर्टी टॅक्स आणला आणि प्रत्येक विद्यार्थ्यामागे ठराविक रक्कम द्यायची ठरवलं. त्यापेक्षा जास्त खर्च करायचा असेल तर करा, पण मग श्रीमंत गावाने जास्तीचे जमवलेले पैसे एका सामायिक पूलमध्ये जाणार आणि त्यातून गरीब गावांना वाटा मिळणार. लोकांनी त्याचं नाव ठेवलं शार्क पूल. स्टो, किलिंग्टन, मँचेस्टर वगैरे ‘गोल्ड टाऊन’ भडकली, काहींनी राज्याला पैसे द्यायलाच नकार दिला, तिथे राहणाऱ्या एका नामांकित कादंबरीकाराने तर याला मार्क्सवाद म्हटलं. विनहॉलने वेगळीच युक्ती काढली, पब्लिक शाळा बंद करून तिच्या जागी खासगी शाळा सुरू केली.

किलिंग्टनचा किस्सा मात्र सगळ्यात भारी. मार्च 2004 च्या टाऊन मीटिंगमध्ये गावाने ठराव केला की आम्ही व्हर्माँट सोडून न्यू हॅम्पशायरमध्ये जाणार. नकाशा बघा, न्यू हॅम्पशायरची हद्द तिथून चाळीसेक किलोमीटर लांब, मधे सगळं व्हर्माँटच. गावाचा युक्तिवाद असा की 1761 मध्ये आमची सनद न्यू हॅम्पशायरच्या गव्हर्नरनेच दिली होती. अर्थात दोन्ही राज्यांची विधिमंडळं आणि वर अमेरिकन काँग्रेस यांनी हो म्हटल्याशिवाय असं काही होत नसतं, आणि झालंही नाही. गंमत म्हणजे ज्या राज्यात पळून जायचं होतं तिथल्या सुप्रीम कोर्टानेही डिसेंबर 1997 मध्येच क्लेअरमाँट खटल्यात स्थानिक प्रॉपर्टी टॅक्सवर शाळा चालवणं घटनाबाह्य ठरवलं होतं.

तोपर्यंत विधिमंडळानेही थोडी माघार घेतली होती. 2003 च्या अॅक्ट 68 ने शार्क पूल बंद केला, सेल्स टॅक्स 5 वरून 6 टक्के केला, आणि राहतं घर एकीकडे, बाकी प्रॉपर्टी म्हणजे हॉलिडे होम, दुकानं वगैरे दुसरीकडे असे दोन वेगळे दर केले. उत्पन्न कमी असणाऱ्यांना सवलत. पुढे यात बारीकसारीक बदल होत गेले, सांगाडा तोच राहिला.

आता तो सुरुवातीचा प्रश्न. गावाचे लोक मार्चमध्ये शाळेच्या बजेटवर मत देतात, पण कराच्या दरावर नाही. मतपत्रिकेवर आकडा असतो एकूण खर्चाचा, सोबत विद्यार्थ्यामागे किती पडतील आणि गेल्या वर्षीपेक्षा किती टक्के जास्त. हो किंवा नाही. (बऱ्याच ठिकाणी हात वर करून नाही तर छापील गुप्त मतपत्रिकेवर, तिला व्हर्माँटमध्ये अजूनही ‘ऑस्ट्रेलियन बॅलट’ म्हणतात, कारण ती पद्धत एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रेलियातून आली.) सगळ्या गावांनी मंजूर केलेली बजेटं जाऊन पडतात एकाच एज्युकेशन फंडात, आणि त्या बेरजेवरून राज्य आधी पायाभूत दर ठरवतं, मग तुमच्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या विद्यार्थ्यामागच्या खर्चानुसार तुमचा दर. म्हणजे शेजारच्या पन्नास गावांनी हात सैल सोडला तर तुम्ही काटकसर करूनही दर वाढू शकतो. त्यात आणखी एक भानगड, गावाच्या दप्तरातली घरांची किंमत बाजारभावाच्या मागे पडली की तो फरक दराने भरून काढला जातो. कोविडनंतर घरांच्या किमती उसळल्या आणि ज्या गावांनी बरीच वर्षं फेरमूल्यांकन केलं नव्हतं त्यांचे दर कागदावर एकदम चढले. कुणीही एक पैसा जास्त खर्च न करता! आता हे उभ्या उभ्या, कॉफीचा कप हातात धरून कसं समजावणार.

बजेट पडलं तर शाळा बंद पडत नाही, पुन्हा मतदान, पुन्हा पडलं तर पुन्हा. 30 जूनपर्यंत नाहीच झालं तर बोर्डाला मागच्या मंजूर बजेटच्या 87 टक्क्यांपर्यंत कर्ज काढून गाडा ओढावा लागतो.

मधल्या काळात मुलं कमी होत गेली. 1997 मध्ये 1 लाख 3 हजार विद्यार्थी होते ते 2015 पर्यंत 78,300 वर आले, इमारती आणि डिस्ट्रिक्ट मात्र तेवढेच. म्हणून 2015 चा अॅक्ट 46, डिस्ट्रिक्ट एकत्र करा, निदान 900 विद्यार्थी तरी असू द्या. काहींनी आपणहून केलं, जे नाही म्हणाले त्यातल्या अनेकांना 2018 मध्ये राज्याच्या शिक्षण मंडळाने जबरदस्तीने जोडलं, कोर्टकचेऱ्या झाल्या. मग 2022 मध्ये अॅक्ट 127, गरीब, ग्रामीण आणि इंग्रजी शिकणाऱ्या मुलांना मोजणीत जास्त वजन. हेतू चांगला होता पण ज्या डिस्ट्रिक्टचं नुकसान होणार होतं त्यांच्यासाठी दरवाढीला 5 टक्क्यांची मर्यादा घातली आणि तिथेच घोळ झाला, कारण वाढ तशीही मर्यादेतच राहणार म्हटल्यावर अनेक बोर्डांनी खर्च वाढवून घेतला. फेब्रुवारी 2024 मध्ये, टाऊन मीटिंग तोंडावर असताना, विधिमंडळाने ती मर्यादा काढून टाकली आणि डिस्ट्रिक्टना हवं तर मतदान पुढे ढकलायची मुभा दिली.

त्या मार्चमध्ये राज्यातली जवळपास एक तृतीयांश बजेटं पडली. तरी कर सरासरी 13.8 टक्क्यांनी वाढला, गव्हर्नर फिल स्कॉट यांनी त्या बिलावर व्हेटो वापरला, विधिमंडळाने जूनमध्ये तो उलटवला, आणि नोव्हेंबरमध्ये मतदारांनी डेमोक्रॅट्सचं दोन तृतीयांशाच्या पुढचं बहुमत काढून घेतलं.

गावाच्या मतदानाचा दुसरा धागाही याच गाठीत अडकलेला आहे. व्हर्माँटमध्ये शहराला आपली सनद, म्हणजे कारभाराची नियमावली, बदलायची तर नुसतं स्थानिक मतदान पुरत नाही, विधिमंडळाची मंजुरी लागते. माँटपीलियरने 2018 ला आणि विनूस्कीने 2020 ला ठरवलं की अमेरिकन नागरिक नसलेल्या पण कायदेशीर राहणाऱ्यांनाही स्थानिक निवडणुकीत मत द्यायचं. स्कॉट यांनी 2021 मध्ये व्हेटो केला, विधिमंडळाने तो उलटवला, बर्लिंग्टनचं 2023 मध्ये तसंच झालं. माँटपीलियरची सनद राज्याच्या सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2023 मध्ये वैध ठरवली. पण विनूस्कीत हे लोक शाळेच्या बजेटवरही मत देतात, आणि मग विरोधकांचा सवाल, की पैसा जर राज्याच्या फंडातून येतो तर ते मतदान स्थानिक कसं? सवाल कुणी कशासाठी विचारला ते सोडा, अॅक्ट 60 पासून तो न विचारता पडून होता एवढं खरं.

2025 मध्ये एकरकमी 11.8 कोटी डॉलर ओतून करवाढ तेवढ्यापुरती दाबली आणि 1 जुलैला अॅक्ट 73 वर सही झाली. 119 डिस्ट्रिक्ट मोडून थोडेच मोठे करायचे (गव्हर्नरांना आधी फक्त पाच हवे होते), वर्गात किमान किती मुलं ते ठरवायचं, आणि विद्यार्थ्यामागे 15,033 डॉलरच्या पायापासून सुरू होणारी रक्कम थेट राज्याने द्यायची. नकाशा काढायला टास्क फोर्स नेमला, त्याने नोव्हेंबरमध्ये सक्तीचा नकाशा न देता ऐच्छिक विलीनीकरण आणि सामायिक सेवा सुचवल्या. कायदा ठरल्याप्रमाणे लागू झाला तर मूळ बजेट गावाच्या मतपत्रिकेवर येणारच नाही, येईल फक्त वरखर्च, तोही मर्यादेत.