बिदरीचे दोन काळे रंग

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात किंवा हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात बिदरीची, म्हणजे बिदरच्या काळ्या धातूवर चांदी जडवलेल्या कारागिरीची वस्तू पाहताना बहुतेकांना वाटतं, की भांड्याला काळा रंग देऊन वर चांदीची नक्षी बसवली असेल. क्रम नेमका उलटा असतो. नक्षी आधी बसते, काळेपणा सगळ्यात शेवटी येतो. आणि तो रंग नसतोच.

बिदरीचा धातू म्हणजे जस्त, त्यात थोडं तांबं. कारागिरांचं प्रमाण साधारण 16 भाग जस्ताला 1 भाग तांबं असं असतं. ओतलेलं भांडं कानशीने घासून गुळगुळीत केलं, की त्यावर मोरचुदाचं (कॉपर सल्फेटचं) पाणी फासतात. जस्त त्या पाण्यातलं तांबं बाहेर काढतं आणि पृष्ठभागावर तात्पुरता काळपट थर धरतो, म्हणजे छिन्नीची प्रत्येक रेघ पांढरी उठून दिसते. खाचेत चांदीची तार ठोकली तर ती तारकशी, पत्र्याचे तुकडे बसवले तर तहनिशान. चांदी मऊ, ठोकताना पसरते आणि खाचेत घट्ट बसते. मग सगळं पुन्हा घासतात. आता जस्तही पांढरं, चांदीही पांढरी, महिनाभर कोरलेली वेल जवळजवळ दिसेनाशी होते.

इथे बिदरच्या किल्ल्यातली माती कामाला येते. ऊन-पावसापासून आडोशाला राहिलेल्या जुन्या जागेची ही माती. तिच्यात सोऱ्यासारखे क्षार असतात. ती नवसागराबरोबर पाण्यात कालवून किंचित तापवलेल्या भांड्यावर चोळतात. जस्त-तांब्याच्या मिश्रधातूवर दाट काळा थर धरतो, चांदीला काहीच होत नाही. यातलं खरं मर्म त्या थोड्याशा तांब्यात आहे. निव्वळ जस्ताला हाच लेप लावला तर ते करडं होतं, असं काळं कधीच होत नाही.

पण चांदीही पुढे हवेने काळी पडते. ती कशी, हे पाहायला ठाणे खाडीकडे वळू. ओहोटीला कोपरी किंवा ऐरोलीकडे कुजक्या अंड्यासारखा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा. कांदळवनातल्या चिखलात हवा पोहोचत नाही, तिथले जिवाणू समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटपासून हा वायू तयार करतात. खाडीच्या चिखलात हे नैसर्गिकपणे घडतं, पण चांदीला तो अत्यल्प प्रमाणातही पुरतो. चांदी आधी पिवळसर, मग तपकिरी, निळसर आणि शेवटी काळी होते. हा सिल्व्हर सल्फाइड. पावसाळ्यातली दमट हवा त्याला वेग देते.

म्हणजे बिदरीवर दोन काळे रंग येऊन बसतात. जस्तावरचा राखायचा, चांदीवरचा काढायचा. चिंच, लिंबू किंवा पितळ घासायची पावडर हा फरक जाणत नाही. आम्ल जस्ताला खातं, पावडर थर घासून काढते आणि भांडं कायमचं करडं पडतं. गरम सोड्याच्या पाण्यात ॲल्युमिनिअमच्या कागदासोबत बुडवण्याची युक्ती साध्या चांदीसाठी चालेल. बिदरी पाण्यात बुडवूच नये.

चांदी खरंच फार काळवंडली असेल, तरच चाळलेल्या खडूची भुकटी थेंबभर पाण्यात कालवून कानातल्या कापसाच्या काडीने फक्त चांदीच्या रेषेवरून हलकेच फिरवावी आणि लगेच कोरडं पुसावं. दर खेपेला थोडी चांदी झिजते, हे विसरू नये. तार केसासारखी बारीक असेल तर हात न लावणंच बरं. कारागीर शेवटी तेलाचा हात देतात. त्याने काळा खुलतो खरा, पण तेलावर धूळ चिकटते, म्हणून संग्रहालयात बहुधा मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात पसंत करतात.

ठेवण्याची जागा त्याहून महत्त्वाची. लोकर आणि रबर गंधकाची संयुगं सोडतात, तेव्हा लोकरीच्या कापडात गुंडाळू नये, रबरबँड लावू नये. कपाटाचं अस्तरही तपासण्यासारखं असतं. संग्रहालयवाले त्यासाठी ओडी चाचणी करतात: अस्तराचा तुकडा, थोडं पाणी आणि चांदी, तांबं, शिसं यांच्या पट्ट्या बंद नळीत 60 अंश सेल्सिअसला 28 दिवस ठेवतात. चांदी काळवंडली तर गंधक, शिसं पांढरं पडलं तर सेंद्रिय आम्ल. घरी घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, आत सुती कापड आणि सिलिका जेलच्या पुड्या एवढं पुरे. निळ्या दाण्यांचा जेल गुलाबी झाला, की पुडीतून काढून सुमारे 120 अंशांच्या ओव्हनमध्ये पुन्हा निळा होईपर्यंत सुकवावा. जुलै-ऑगस्टमध्ये हे वारंवार करावं लागतं.