गळाला जिवंत आमिष कशासाठी?

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यातलं अकरावं कलम लांबलचक आहे. त्यातलं एक पोटकलम सांगतं की, निव्वळ करमणुकीसाठी एखाद्या प्राण्याला दुसऱ्या प्राण्याचं भक्ष्य होईल असं अडकवून ठेवणं हा गुन्हा आहे. वाघ दिसावा म्हणून अभयारण्यात जनावर बांधण्याचा उल्लेख तिथे स्पष्ट आहे. आता त्याच कायद्यातली ‘प्राणी’ शब्दाची व्याख्या पाहा: माणूस सोडून कोणताही सजीव प्राणी. मग धरणाच्या काठावर हौसेने बसलेला माणूस गरीला, म्हणजे गळाच्या आकड्याला, जिवंत मासळी टोचून पाण्यात सोडतो, ते काय? टोचणं म्हणजे अडकवून ठेवणं का, यावर वकिलांना वाद घालता येईल. पोटासाठी गरवणाऱ्याला ‘करमणूक’ हा शब्द लागूच होत नाही, आणि खाण्यासाठी प्राणी मारण्याला कायद्यात वेगळी सूट आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये, तेव्हा धाकाने कोणी तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) गुंडाळून घरी जाणार नाही. तरी कायद्याचा रोख बरोबर जागी आहे: हे कशासाठी चाललंय, हे तो आधी विचारतो.

नॉर्वे, जर्मनी, आयर्लंड, स्कॉटलंड इथे गोड्या पाण्यात जिवंत मासा आमिष म्हणून लावायला मनाई आहे. कारणं दोन: क्रौर्य, आणि एका तळ्यातला मासा व त्याचे रोग दुसऱ्या तळ्यात जाणं. दुसऱ्या कारणावर फारसा वाद नाही. पहिल्यावर आहे.

ब्रिटनमध्ये जीवशास्त्रज्ञ लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये रेनबो ट्राउटच्या डोक्यावर इजा ओळखणारे चेतातंतू दाखवले. ओठात सौम्य आम्ल किंवा मधमाशीचं विष टोचलेले मासे अंग डोलवत राहिले, आम्लवाले ओठ खड्यांवर घासू लागले, आणि इतर माशांच्या मानाने जवळजवळ दुप्पट वेळ अन्नाला शिवले नाहीत. मॉर्फिन दिल्यावर ही लक्षणं कमी झाली. यावर आक्षेप असा की, इजा ओळखणं वेगळं आणि वेदना ‘जाणवणं’ वेगळं. जाणवायला लागणारा मेंदूचा थर माशांत नाहीच. कोळंबीचं चित्र अजून धूसर आहे. बेलफास्टमध्ये मिशांना आम्ल लावलेल्या कोळंब्या तोच भाग चोळत बसल्या. दुसऱ्या एका प्रयोगशाळेत वेगळ्या जातींवर तसं काही आढळलं नाही. तरीही ब्रिटनने २०२२ च्या कायद्यात खेकडे, कोळंबी, शेवंड आणि माकुळांना (स्क्विड) संवेदना असलेल्या प्राण्यांत धरलं. ठाम पुरावा येईपर्यंत संशयाचा फायदा प्राण्याला द्यावा, हा त्यामागचा विचार मला पटतो. मात्र त्यातून ‘सगळं बंद करा’ असं आपोआप निघत नाही. निघतं ते इतकंच की, आमिष जिवंत ठेवून जे मिळतं ते दुसऱ्या कशातून मिळत असेल तर जिवंत ठेवायला सबब उरत नाही.

मग नक्की मिळतं काय? शिकारी मासा भक्ष्य तीन प्रकारे हेरतो. डोळ्याने, वासाने, आणि अंगाच्या दोन्ही बाजूंना असलेल्या पार्श्वरेषेने. ही रेषा पाण्यातली हलकी, मंद थरथर टिपते. गढूळ खाडीत किंवा अंधारात जिताडा आणि तांबोशीला तिचा मोठा आधार असतो. वास म्हणजे पाण्यात विरघळणारी अमिनो आम्लं, आणि ती ताज्या मेलेल्या कोळंबीतूनही तितकीच सुटतात. रूपही तेच राहतं. जिवंतपणाची खरी भर एकच: हालचाल, आणि तीही कोणी दोरी न हलवता. म्हणजे गरी टाकून निवांत बसायचं असेल तरच त्याचा फायदा. हे काम आपल्या मनगटाला करता येतं, आपण ते आमिषाकडून करून घेतो.

शिवाय तो फायदाही सहज पदरात पडत नाही. वीस अंश तापमानाच्या गोड्या पाण्यात लिटरमागे जेमतेम ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तीस अंशाला साडेसात, आणि त्याच तापमानाच्या समुद्राच्या पाण्यात सहाच्या आसपास. दहा अंश वाढले की माशाची प्राणवायूची गरज मात्र साधारण दुप्पट होते. म्हणून एप्रिलमधल्या दुपारी झाकण लावलेल्या बादलीतली मासळी तासाभरात पोट वर करते. वीस लिटरच्या बादलीत बोटाएवढी दहा-बारा मासळी आणि बॅटरीवरचा हवेचा पंप, याहून जास्त गर्दी नको. नळाचं पाणी नको, त्यातला क्लोरीन कल्ले जाळतो. बर्फ थेट टाकू नये. बंद बाटलीत गोठवून ती बादलीत सोडावी, आणि तापमान एकदम दोन-तीन अंशांपेक्षा जास्त खाली आणू नये. पाणी फेसाळलं की घाण साचल्याची खूण समजून थोडं थोडं बदलावं.

टोचण्यातही खोट राहते. कोळंबीच्या डोक्यावरच्या शिंगामागे आत एक काळा ठिपका दिसतो. पातळ तारेची गरी शिंगाच्या मुळातून, त्या ठिपक्याला न लागता गेली तर कोळंबी बराच वेळ पोहते. ठिपक्याला लागली की खेळ संपला. माशाचे दोन्ही ओठ एकत्र टोचले तर तोंड बंद होऊन कल्ल्यांवरून पाणी फिरत नाही आणि तो गुदमरतो. टोचायचाच तर फक्त वरचा ओठ. जोरात भिरकावलं की आमिष फाटतं. पाण्यात पडल्यावर ते खारफुटीच्या मुळांत किंवा दगडाखाली लपायला धावतं आणि गरी अडकवतं. उरलेल्याचा समाचार केंड मासे आणि चिंबोऱ्या घेतात.

आणखी एक बाब सहसा हिशेबात येत नाही. खरं आमिष मासा खोलवर गिळतो. नकली आमिष ओठात लागतं, तर जिवंत किंवा मेलेलं नैसर्गिक आमिष अनेकदा घशात. मासा परत सोडायचा असेल तर हा फरक त्याच्या जिवावर बेततो. अशा वेळी टोक आत वळलेली गोल गरी वापरावी आणि झटका न देता दोरी फक्त ताणत न्यावी. ती बहुधा जबड्याच्या कोपऱ्यात बसते. घशात गेलेली गरी उकरून काढू नये. तंगूस तोंडाजवळ कापून मासा सोडावा.

पर्याय फारसे महाग नाहीत. खाडीसाठी माकुळाची बोटभर लांब, निमुळती पट्टी एका टोकाला एकदाच टोचली की पाण्यात फडफडते आणि चिवटपणामुळे टिकते. तारलीला तेलकट वास जबरदस्त, पण मांस मऊ, म्हणून ती दोऱ्याने गुंडाळावी. पाव किलो सोललेल्या कोळंबीला साधारण शंभर ग्रॅम जाडं मीठ चोळून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवली की ती घट्ट होते आणि गरीवरून सुटत नाही. बोईट हा खाडीतला मासा लावायचा तर डोक्यावर एकच जोरदार टोला देऊन मारावं, पोटात थर्माकोलचा तुकडा भरावा म्हणजे ते तळापासून वर तरंगतं. मग दोन हात ओढा, थांबा, पुन्हा ओढा. माशाचा घास बहुतेक वेळा थांबताना येतो. कावेरीवर महसीर माशासाठी पिढ्यान्‌पिढ्या उकडलेल्या नाचणीचे गोळे वापरले गेले, हेही ध्यानात असू द्यावं.

मरळ माशासाठी जिवंत बेडूक लावण्याची पद्धत मात्र आता पूर्ण सोडावी अशी आहे. मोठा पिवळट बेडूक, भारतीय बुलफ्रॉग, वन्यजीव कायद्याच्या यादीत आहे. बेडकांच्या पायांची निर्यात भारताने १९८७ मध्येच थांबवली. रबरी बेडूक पानवेलींवरून ओढला तर मरळ त्यावर तितक्याच त्वेषाने झडप घालते, कारण तिला हवा असतो पाण्याच्या पृष्ठावरचा खळबळाट. पण इथे आमिषापेक्षा मोठा प्रश्न पुढेच आहे. पावसाळ्यात मरळीची लालसर पिल्लं गोळ्याने फिरतात आणि आईबाप खाली पहारा देतात. त्या घोळक्यावर टाकलेल्या कशावरही ते भुकेने नाही, रागाने तुटून पडतात. पालक उचलला की पिल्लांचा फडशा पडतो. आमिष रबराचं असल्याने हे कृत्य सोज्वळ होत नाही.

गांडुळाबाबत माझं मत सौम्य आहे. तरी एक गैरसमज दूर करावा: तुकडे केले की प्रत्येक तुकड्याचं नवं गांडूळ होत नाही. फार तर डोक्याकडचा भाग जगतो. प्रत्येक वलयात स्वतंत्र चेतागुच्छ असल्याने बाकीचे तुकडे नुसतेच वळवळतात. वास हवा असेल तर उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवून मारलेलं गांडूळही चालतं, रोहूसारख्या माशाला तर कणकेचा गोळाही.

जिथे पर्याय खरोखर सापडलेला नाही अशी एक जागा आहे, आणि ती भारतातच आहे. लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावर ट्यूना काठी आणि दोरीने एकेक पकडतात. आधी खाजणातून बोटभर लांबीची मासळी पकडून होडीतल्या टाकीत, तळाच्या भोकांतून सतत फिरणाऱ्या समुद्राच्या पाण्यात जिवंत ठेवली जाते. ट्यूनाचा थवा दिसला की ती मूठमूठ भिरकावायची, सोबत पाण्याचे फवारे मारायचे. थवा खवळून वर येतो आणि मग बिनआमिषाच्या, बिनकाट्याच्या (टोकाला उलटा दात नसलेल्या) गरीलाही चावतो. दोरी सैल पडताच मासा होडीत सुटतो. मेलेली मासळी बुडते, पळत नाही, त्यामुळे थवा होडीपाशी धरून ठेवता येत नाही. इथे जिवंतपणा हेच हत्यार आहे. त्याच्या बदल्यात या पद्धतीत कासवं, डॉल्फिन, शार्क जवळजवळ सापडतच नाहीत, जे मोठ्या जाळ्यांबद्दल म्हणता येत नाही. अडचण वेगळीच आहे: यातली बरीच मासळी प्रवाळांच्या आसऱ्याने राहते. प्रवाळ पांढरे पडले की टाकी रिकामी, आणि टाकी रिकामी तर होडी किनाऱ्यावर.

हौशी माणसाच्या बादलीत दिवसअखेर काही मासळी उरतेच. दया येऊन ती जवळच्या पाण्यात सोडणं ही सगळ्यांत वाईट कल्पना. आफ्रिकी मागूर, ज्याला बाजारात थाई मागूर म्हणतात, त्याच्या पालनावर भारतात बंदी आहे, कारण एकदा मोकळ्या पाण्यात गेला की तो आवरत नाही. पिल्लू असताना तो आणि देशी मागूर पाहताक्षणी वेगळे ओळखता येतीलच असं नाही. उत्तर अमेरिकेत हिमयुगाने गांडुळं नाहीशी केलेल्या जंगलांत गळवाल्यांनी फेकलेल्या परदेशी गांडुळांनी पालापाचोळ्याचा थर फस्त केला आणि त्यावर जगणारी रोपं विरळ झाली. म्हणून मासळी ज्या पाण्यातून आणली त्याच पाण्यात परत जावी. ते शक्य नसेल तर मारून गोठवावी, पुढच्या वेळी पट्ट्या कापायला उपयोगी येते. बादलीतलं पाणी नदीपासून दूर, कोरड्या जमिनीवर ओतावं, आणि बादली उन्हात खडखडीत वाळवल्याशिवाय दुसऱ्या तळ्यावर नेऊ नये.