खेळणी कोपऱ्यात, डबा हातात

दीड वर्षाच्या मुलाला लस टोचून घ्यायला आलेले आईवडील निघता निघता बालरोगतज्ज्ञांना हमखास विचारतात, ‘एवढी खेळणी आणली, पण हा कशालाच हात लावत नाही. काळजीचे काही नाही ना?’ दुकानात मिळते ते खेळणे आणि त्याच्याशी मूल जे करते तेवढाच खेळ, अशी एक समजूत या प्रश्नामागे असते. ती तपासून पाहायला हवी, कारण खेळण्यांकडे पाठ फिरवणारे मूल बहुतेक वेळा भरपूर खेळतच असते. ज्या थोड्या मुलांच्या बाबतीत खरोखर काळजी करायला हवी, त्यांची खूण मूल खेळण्यांना हात लावते की नाही, एवढ्यावरून पटत नाही.

स्वयंपाकघराच्या फरशीवर बसलेली पंधरा महिन्यांची मुलगी स्टीलच्या डब्याशी काय करते, ते बारकाईने पाहावे. ती झाकण उलटे ठेवते, ते बसत नाही, म्हणून पालथे करून पुन्हा दाबते. मग झाकण फरशीवर टाकते. ते काठावर गरगरते, आवाज भरभर होत जातो आणि एकदम थांबतो. ती ते उचलून पायपुसण्यावर टाकते. आवाज होत नाही. ती पायपुसण्याकडे पाहते, झाकणाकडे पाहते आणि पुन्हा फरशीवर टाकते. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी आपल्या तीन मुलांचे असेच निरीक्षण केले होते. साधारण बारा ते अठरा महिन्यांच्या वयात मूल एखादी कृती नुसती परत परत करत नाही, तर दर वेळी तीत थोडा बदल करून परिणाम काय होतो ते पाहते, असे त्यांनी नोंदवले. उंची बदलणे, जागा बदलणे, वस्तू बदलणे हा या वयातला अस्सल खेळ आहे आणि त्याला खेळण्याची गरज असतेच असे नाही.

मग एखादी वस्तू मुलाला धरून का ठेवते आणि दुसरी का ठेवत नाही? या प्रश्नावर गेल्या दीड-दोन दशकांत झालेले काम मला बालमानसशास्त्रातले सर्वांत सुंदर काम वाटते. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील एमी स्टाल आणि लिसा फायगेन्सन यांनी २०१५ साली अकरा महिन्यांच्या बाळांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. काही बाळांना त्यांनी एक वस्तू भरीव भिंतीतून आरपार गेल्याचा भास घडवला, तर काहींना खेळण्यातली मोटार फळीच्या कडेपुढे गेली तरी खाली न पडता हवेत तरंगताना दाखवली. नंतर ती वस्तू बाळांच्या हाती दिली. भिंतीतून ‘आरपार गेलेली’ वस्तू बाळांनी आपटून पाहिली आणि ‘तरंगलेली’ वस्तू खाली टाकून पाहिली. म्हणजे नेमका जो नियम मोडलेला दिसला, त्याचीच ती परीक्षा घेत होती. बाजूला नवी कोरी वस्तू ठेवलेली असूनही त्यांचे लक्ष अचंबा देणाऱ्या वस्तूकडेच अधिक होते. त्याच वस्तूचा एखादा नवा गुणधर्म, उदाहरणार्थ तिच्यातून येणारा आवाज, शिकवला तर तो बाळे शिकली; जिच्या बाबतीत सारे अपेक्षेप्रमाणे घडले होते तिच्याविषयी मात्र तसे शिकणे दिसले नाही.

याचा अर्थ असा, की बोलायलाही न लागलेले मूल सतत भाकीत करत असते आणि भाकीत चुकले की त्याचे लक्ष तिकडे खेचले जाते. पण हे खेचले जाणे किती असावे, यालाही मर्यादा आहे. सेलेस्ट किड, स्टीव्हन पियांटाडोसी आणि रिचर्ड ॲस्लिन यांनी सात-आठ महिन्यांच्या बाळांना पडद्यावर एकामागून एक प्रकट होणाऱ्या वस्तू दाखवल्या. प्रत्येक घटना, आधी जे दिसले त्याच्या आधाराने, किती अपेक्षित होती हे त्यांनी गणिताने काढले. घटना जितकी अनपेक्षित, तितकी तिच्यातून मिळणारी माहिती जास्त. माहितीशास्त्रात ही माहिती मोजण्याची रीत सोपी आहे: घटनेची संभाव्यता घ्यायची, दोन या पायावर तिचा लॉगरिदम काढायचा आणि चिन्ह बदलायचे. जी घटना घडणारच, तिची संभाव्यता १ आणि तिच्यातून मिळणारी माहिती ०. नाणेफेकीसारख्या, १/२ संभाव्यतेच्या घटनेतून १ बिट (बिट म्हणजे माहिती मोजण्याचे एकक) मिळतो, तर आठात एकदा घडणाऱ्या घटनेतून ३ बिट. आता आडव्या अक्षावर ही माहिती आणि उभ्या अक्षावर बाळाने नजर दुसरीकडे वळवण्याची शक्यता मांडली, तर आलेख इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखा येतो. माहिती शून्याजवळ असेल तर बाळ नजर वळवते, फार जास्त असेल तरीही वळवते आणि मधल्या पट्ट्यात टिकून राहते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाचा मथितार्थ मला असा दिसतो, की लक्ष ही काटकसरीने वापरायची शिदोरी आहे आणि जिथे शिकण्यासारखे काहीच उरलेले नाही किंवा आत्ता शिकता येण्यासारखे काही नाही, तिथे ती खर्च न करण्याची सोय निसर्गाने जन्मानंतर काही महिन्यांतच करून ठेवली आहे.

हा प्रयोग पडद्यावरचा आणि लहान बाळांवरचा, हे लक्षात ठेवूनही घरातल्या खेळण्यांकडे या दृष्टीने पाहता येते. बटण दाबले की तेच गाणे वाजवणारे बॅटरीचे खेळणे पाचव्या-सहाव्या वेळी पूर्ण अपेक्षित होते. त्यातून मिळणारी माहिती शून्यावर येते आणि मूल ते सोडून देते. डब्याच्या झाकणाचे तसे होत नाही, कारण फरशी, गादी, पाण्याची बादली, चमचा आणि आईचा चेहरा यांच्याशी गाठ पडली की दर वेळी निराळे काही घडते. ओहायोतील टोलेडो विद्यापीठाने २०१८ साली अठरा ते तीस महिन्यांच्या ३६ मुलांना एकदा ४ आणि एकदा १६ खेळणी देऊन पाहिले. खेळणी थोडी असताना मुले एकेका खेळण्याशी अधिक वेळ रमली आणि ते अधिक निरनिराळ्या प्रकारांनी हाताळले. त्यामुळे टोपली ओसंडून वाहत असेल, तर निम्म्याहून अधिक खेळणी माळ्यावर ठेवून द्यावीत.

खेळण्याच्या खोक्यावर ‘बुद्धी वाढवते’ असे छापले, म्हणून ते बुद्धी वाढवत नाही. हे दावे पालकांच्या धास्तीवर विकले जातात आणि त्यांना पुरावा मागण्याचा हक्क आपण बजावला पाहिजे. मूल खेळत नाही म्हणून मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढणे हेही तितकेच निरर्थक आहे. त्यात मुलाला इजा होत नसली, तरी डॉक्टरांकडे जायचे मोलाचे महिने निघून जाऊ शकतात.

लक्ष टिकण्याचे दुसरे कारण माणूस आहे. इंडियाना विद्यापीठातील चेन यू आणि लिंडा स्मिथ यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात साधारण वर्षाची मुले आणि त्यांचे पालक यांच्या डोक्यावर नजर टिपणारे छोटे कॅमेरे बसवले होते. मूल ज्या वस्तूकडे पाहत होते तिच्याकडे पालकही पाहू लागले, की मुलाचे लक्ष तिच्यावर अधिक काळ राहिले आणि पालकाची नजर हलल्यानंतरही काही काळ टिकले. मोबाइलवर खिळलेली नजर खेळण्याचे आकर्षण कशी कमी करत असेल, याचा अंदाज यावरून बांधता येतो.

मुलांचे जग मोठ्यांच्या कामाशी जोडलेले असते. मानसशास्त्रज्ञ बार्बरा रोगॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्वाटेमाला, तुर्कस्तान, अमेरिका आणि भारतातील ‘ढोल की पट्टी’ या आदिवासी गावातील एक-दोन वर्षांच्या मुलांचा तुलनात्मक अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध केला. मोठी माणसे मुलासाठी वेगळा खेळ मांडून बसतात, ही रीत सगळीकडे सारखी नसते. अनेक ठिकाणी मूल मोठ्यांची कामे बघत, त्यांत लुडबुडतच शिकते, हे त्यातून दिसले. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालशिक्षणाचे काम केले, तेही आसपास सहज मिळणाऱ्या वस्तूंपासून साधने बनवून. पोळ्या लाटताना कणकेचा गोळा मागणारे मूल म्हणूनच ‘त्रास देत’ नसते. त्याला त्या कामात सामील व्हायचे असते.

काळजी कधी करायची, याचे उत्तर त्यामुळे खेळण्यांपेक्षा माणसांशी असलेल्या नात्यात शोधावे लागते. चंद्र किंवा कुत्रा दिसला की मूल बोट दाखवते का, आणि बोट दाखवून तुमच्याकडे वळून पाहते का? सापडलेली वस्तू तुम्हाला आणून दाखवते का? नावाने हाक मारल्यावर वळते का? वर्षाचे होईपर्यंत बडबड किंवा हातवारे नसणे, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसणे, दोन वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्द जोडता न येणे, किंवा कोणत्याही वयात आधी येत असलेले शब्द वा हसणे-खिदळणे हरपणे, यांपैकी काहीही दिसले तर ‘मुलगे उशिराच बोलतात’ हे ऐकून थांबू नये. दीड-दोन वर्षांनंतर बाहुलीला भरवणे किंवा चमचा फोनसारखा कानाला लावणे असा लटका खेळ हळूहळू दिसू लागतो. तो मुळीच नसणे आणि मोटारीचे एकच चाक तासन्‌तास फिरवत राहणे, ही लक्षणे इतर खुणांबरोबर दिसली तर स्वमग्नतेची (ऑटिझमची) तपासणी करून घ्यावी. एकटे एखादे लक्षण निदान ठरवत नाही.

सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात, जो २०१३ पासून चालू आहे, वैद्यकीय पथके वर्षातून दोनदा अंगणवाडीतील मुलांची तपासणी करतात आणि गरज वाटल्यास मुलांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. तिथे किंवा खासगी दवाखान्यात गेल्यावर श्रवणचाचणीचा आग्रह आईवडिलांनी स्वतः धरावा, घरात सगळ्यांना ‘त्याला ऐकू येते’ याची खात्री असली तरीही. दार आपटल्यावर दचकणाऱ्या मुलाला ‘स’ आणि ‘फ’ सारखे बारीक, उंच स्वराचे ध्वनी ऐकू येत असतीलच असे नाही, आणि हे घरच्या घरी टाळ्या वाजवून कळत नाही.